वारा ओळखणारा शिकारी : जिम कॉर्बेट



गुरुजींनी सांगितले की या वेळच्या भित्तिपत्रकात प्रत्येकाने एका थोर माणसाचे चरित्र लिहावे. वर्गातल्या पाच पोट्ट्यांनी शिवाजी महाराज घेतले. तिघी जणींनी सावित्रीबाई फुले घेतल्या. मी जिम कॉर्बेट हे शिकारी घेतले आहेत. गुरुजींनी परिपाठाच्या वेळी त्यांच्या पुस्तकातल्या गोष्टी सांगितल्या होत्या, तेव्हाच मी ठरवून ठेवले होते. आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वावरात रोही येतात, रानडुकरं येतात, आणि डोंगरात बिबट्या आहे हे तर लहान पोरांनाही माहीत आहे. म्हणून हे चरित्र आपल्या कामाचे आहे असे मला वाटते.

जिम कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. नैनिताल हे हिमालयाच्या डोंगरातले गाव आहे. त्या भागाला कुमाऊं म्हणतात. आता तो उत्तराखंड राज्यात आहे. त्यांचे वडील नैनितालला पोस्टमास्तर होते. घरात भावंडे खूप होती. १८८१ मध्ये वडील वारले, तेव्हा जिम अगदी लहान होता. आईनेच सगळ्यांना वाढवले. उन्हाळ्यात हे लोक वर नैनितालला राहत आणि हिवाळ्यात खाली पायथ्याला, काळाढुंगी या गावी येत. काळाढुंगीला घराच्या मागेच जंगल होते. म्हणजे जिमचे अर्धे वर्ष जंगलातच जायचे. ते जातीने इंग्रज होते, पण त्यांना पहाडी लोकांची बोली आपल्यासारखी येत होती. लोक त्यांना कॉर्बेट न म्हणता कार्पेट साहेब म्हणत. हे ऐकून आमचा वर्ग खूप हसला होता.

लहानपणी जिमजवळ आधी गुलेर होती. नंतर त्याला एक जुनी ठासणीची बंदूक मिळाली. तिला दोन नळ्या होत्या, पण उजवी नळी फुटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला होता. एवढीच बंदूक असल्यामुळे जनावराच्या अगदी जवळ जावे लागे. दुरून बार टाकून उपयोग नव्हता. मोठा भाऊ टॉम याने त्याला शिकार शिकवली. गावातला कुंवरसिंग नावाचा एक माणूस होता, तो चोरून शिकार करण्यात पटाईत होता, त्यानेही शिकवले. पण गुरुजी म्हणाले की खरा गुरू जंगलच. कोणते पाखरू का ओरडले, वानर कोणाला पाहून खाकरले, चितळाने पाय का आपटला, हे तो ऐकून ऐकून शिकला. पुढे त्याला जनावरांचे आवाज हुबेहूब काढता येऊ लागले.

आता मी वाऱ्याचे सांगतो. माझ्या लेखात हेच मुख्य आहे, म्हणून जागा जास्त लागेल.

चितळ, सांबर, भेकर या जनावरांना माणसापेक्षा डोळे आणि कान चांगले आहेतच, पण त्यांचे नाक सगळ्यांत तिखट असते. त्यांचे नाक ओले असते. वाऱ्यावर आलेला वास त्या ओल्या नाकाला लवकर कळतो. माणसाला घामाचा वास असतो, बिडीचा असतो, साबणाचा असतो, डोक्याच्या तेलाचा असतो. आपल्याला तो येत नाही, पण सांबराला दुरूनच येतो. माणूस झाडाआड लपला, पाऊल न वाजवता गेला, तरी वारा जर माणसाकडून जनावराकडे वाहत असेल तर सगळी मेहनत फुकट. सांबर मोठ्याने एकदा ओरडते आणि सारे रान सावध होते. म्हणून शिकाऱ्याने नेहमी वारा आपल्या तोंडावर घ्यावा लागतो. वारा जनावराकडून आपल्याकडे आला पाहिजे.

सपाट जागी हे सोपे आहे. चिमूटभर माती हातातून सोडली की वारा कुठे जातो ते दिसते. डोंगरात तसे नसते. डोंगरात वारा दिवसातून आपली वाट बदलतो. सकाळी ऊन पडले की डोंगराचा उतार तापतो. तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते. तिच्याबरोबर वासही वर चढतो. संध्याकाळी उतार गार पडला की हवा जड होते आणि पाण्यासारखी खाली घळीत उतरते. रात्रभर आणि पहाटेही ती खालीच उतरत असते. म्हणजे ऊन चढल्यावर जनावर गाठायचे असेल तर त्याच्या वरच्या अंगाने यावे लागते, आणि दिवस मावळल्यावर खालच्या अंगाने. ज्याने सकाळी खालून चढायला सुरुवात केली त्याचा वास त्याच्या आधी वर पोचतो. जो उतार पूर्वेकडे तोंड करून असतो तो आधी तापतो, त्यामुळे एकाच दरीत इकडे वारा वर आणि तिकडे खाली असेही होते. आणि जिथे दोन नाले मिळतात तिथे वारा गरगर फिरतो, तिथे कोणतीच बाजू भरवशाची नाही. ढग आले, मोठा वारा सुटला, तर हे सगळे नियम मोडतात. म्हणून चांगला शिकारी एकदाच वारा पाहून थांबत नाही, पावलोपावली पाहतो.

मला हे खरे वाटले नव्हते, म्हणून मी करून पाहिले. महाशिवरात्रीला आम्ही सालबर्डीच्या यात्रेला गेलो होतो. महादेवाचे देऊळ डोंगरात गुहेत आहे, ते तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. मी चुलीतली बारीक राख फडक्यात बांधून नेली होती. दुपारी चढताना फडके झटकले तर राख आमच्या पुढे वर गेली. दिवस बुडाल्यावर खाली उतरून पुन्हा झटकले तर राख नदीकडे खाली गेली, आणि यात्रेतल्या चुलींचा धूरही नदीकडेच चालला होता. मायने विचारले की हे काय चालवले आहे, आणि नवा शर्ट राखेने भरला म्हणून रागावलीही. पण कॉर्बेट साहेबांचा डोंगर आणि आपला डोंगर एकाच रीतीने वागतो हे मला कळले.

मोठे झाल्यावर जिम कॉर्बेट यांनी रेल्वेत नोकरी धरली. नंतर बिहारमध्ये गंगेच्या काठी मोकामा घाट येथे गाडीतला माल उतरवून नदीपार पाठवण्याचा ठेका घेतला. ते काम त्यांनी वीस वर्षांच्या वर केले. तिथे मजुरांच्या मुलांसाठी त्यांनी एक शाळा काढली. त्या काळी उच्च आणि नीच अशी जात मानत, आणि वेगळ्या जातीची मुले एका घरात बसायला तयार नव्हती. पण नुसत्या छपराखाली बसायला कोणाची हरकत नव्हती. मग शाळेला भिंतीच ठेवल्या नाहीत. छप्पर तेवढे राहिले आणि सगळी मुले एकत्र बसली. मला ही युक्ती शिकारीपेक्षाही भारी वाटली. पहिल्या महायुद्धात ते कुमाऊंचे ५०० लोक घेऊन फ्रान्सलाही गेले होते.

त्या वेळी कुमाऊंच्या डोंगरात माणसे खाणारे वाघ आणि बिबटे झाले होते. चंपावतच्या वाघिणीने नेपाळात आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसे मारली होती. ४३६ म्हणजे आमच्या पूर्ण शाळेतल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त. बाया गवत कापायला, पाला आणायला जंगलात जायच्या आणि परत यायच्या नाहीत. लोक दिवसाही दाराला आडणा लावून बसत. वावरातले पीक तसेच उभे राहिले. १९०७ साली सरकारने जिम कॉर्बेट यांना बोलावले. त्यांनी दोन अटी घातल्या. एक, वाघिणीवर लावलेले बक्षीस रद्द करावे. दोन, बाकीच्या शिकाऱ्यांना परत बोलवावे. पैशासाठी शिकार करणारा असे नाव त्यांना नको होते. त्यांनी त्या वाघिणीला मारले. मग पाहिले तर तिचे उजव्या बाजूचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले होते. त्यामुळे तिला नेहमीची शिकार धरता येत नव्हती. मुक्तेसरच्या वाघिणीचा तर साळिंदराच्या काट्यांनी एक डोळा गेला होता. वाघ उगाच माणूस खात नाही, जखमेमुळे किंवा म्हातारपणामुळे तो तसा होतो, हे त्यांनी लोकांना समजावले.

पण माझ्या मनात एक प्रश्न होता. हरणाच्या शिकारीत वारा तोंडावर घ्यायचा, हे समजले. मग नरभक्षक वाघाच्या मागे जाताना काय करायचे? कारण तिथे शिकारी वाघाला शोधत असतो आणि वाघ शिकाऱ्याला शोधत असतो. गुरुजींनी फळ्यावर बाण काढून हे समजावले, तेव्हा वर्गात एकही पोट्टा बोलला नाही.

वाघाला हे माहीत नसते की माणसाला वास येत नाही. त्याला वाटते, माणूसही सांबरासारखाच आहे, याचेही नाक तिखट असेल. म्हणून तो माणसाच्या मागे लागतो तेव्हाही सांबराच्या मागे लागतो तशीच काळजी घेतो. आपला वास माणसाला जाऊ नये अशा बाजूनेच तो येतो. म्हणजे वारा माणसावरून वाघाकडे जाईल त्या बाजूने. हे जिम कॉर्बेट यांनी ओळखले होते, आणि त्यावरच ते जिवंत राहिले. वारा तोंडावर असेल तर वाघ पाठीमागून येणार. वारा पाठीवर असेल तर वाघ पुढे दबा धरून बसलेला असणार. वारा डावीकडून असेल तर उजवीकडे पाहत चालायचे. चारही बाजूला एकदम पाहता येत नाही, पण वारा कळला की एकाच बाजूला पाहणे पुरते.

सगळ्यांत वाईट म्हणजे वारा तोंडावर असणे, कारण पाठीला डोळे नाहीत. जायचे तर त्याच दिशेला आहे, मग काय करायचे? ते सरळ जात नसत. वाऱ्याला आडवे, आधी डावीकडे तिरपे, मग उजवीकडे तिरपे, असे नागमोडी चालत. म्हणजे धोका पाठीवर न राहता कधी या खांद्याकडे तर कधी त्या खांद्याकडे येई, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तरी दिसे. आपली ढोरं चढणीला तिरपी चढतात तसेच. हरणाच्या शिकारीत वाऱ्याने हरणापासून लपायचे, आणि इथे त्याच वाऱ्याने वाघ कुठे लपला ते शोधायचे. एकच वारा दोन कामाचा.

चौगढची वाघीण त्यांनी ११ एप्रिल १९३० रोजी मारली. तिने आणि तिच्या मोठ्या झालेल्या पिल्लाने मिळून ६४ माणसे मारली होती. त्या दिवशी कोरड्या नाल्यातून जाताना त्यांना एका पाखराची दोन अंडी सापडली. त्यांना अंडी जमवायचा नाद होता, म्हणून त्यांनी ती डाव्या हातात घेतली. थोडे पुढे एका मोठ्या शिळेला वळसा घालून त्यांनी मागे पाहिले तर वाघीण आठ फुटांवर बसलेली! बंदूक उजव्या हातात आणि तोंड दुसरीकडे. एकदम फिरवली तर वाघीण झेप घेणार. त्यांनी एका हाताने बंदूक इतकी हळूहळू फिरवली की वाघिणीला ती हलते आहे असे वाटलेच नाही. मग बार केला. नंतर त्यांना हातातल्या अंड्यांची आठवण झाली. ती फुटली नव्हती. त्यांनी परत जाऊन ती जिथल्या तिथे ठेवली, आणि थोड्या वेळाने पाहिले तर पाखरू येऊन अंड्यांवर बसले होते. मला या गोष्टीत वाघिणीपेक्षा पाखरूच जास्त आठवते.

रुद्रप्रयागचा बिबट्या आठ वर्षे त्रास देत होता. केदारनाथ-बद्रीनाथच्या वाटेवर त्याने १२५ माणसे मारली. रात्र झाली की यात्रेकरू वाटेवर थांबत नसत. तो १९२६ मध्ये आंब्याच्या झाडावर बसून त्यांनी मारला. शेवटचा नरभक्षक ठाक गावचा, १९३८ सालचा. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. त्यांनी दिवस मावळताना वाघासारखा आवाज काढून त्या वाघिणीला आपल्याकडे बोलावले.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. पवळगढचा एक फार मोठा वाघ त्यांनी १९३० मध्ये मारला. तो नरभक्षक नव्हता. तो मोठा होता एवढाच त्याचा गुन्हा. त्या काळी साहेब लोक आणि राजे लोक हौसेने वाघ मारत, आणि कॉर्बेट साहेबही तेव्हा तसेच होते. चरित्रात फक्त चांगलेच लिहावे असे काही जण म्हणतात, पण हे त्यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे, मग मी का लपवू?

पुढे मात्र त्यांचे मन बदलले. बंदुकीपेक्षा कॅमेरा त्यांना जास्त आवडू लागला. फोटो काढणे शिकारीपेक्षा कठीण आहे, कारण बंदुकीला एक क्षण पुरतो आणि सिनेमाच्या कॅमेऱ्याला जनावर बराच वेळ जवळ उभे पाहिजे. वारा तर सांभाळावाच लागतो, वर कॅमेऱ्याची घरघर. ती ऐकून वाघ पळून जात. मग त्यांनी एका ओढ्यात लहान लहान बांध घालून पाण्याचा खळखळाट केला. त्या आवाजात कॅमेऱ्याचा आवाज बुडून गेला. महिनोन्‌महिने बसून त्यांनी सात वाघांचे चित्रण केले. आता आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. पण मेळघाटात जे लोक वाघ-सांबर पाहायला आणि फोटो काढायला जातात त्यांनाही वारा तसाच सांभाळावा लागतो. कॅमेरा असला म्हणून सांबराला घामाचा वास येत नाही असे नाही.

त्यांचे पहिले मोठे पुस्तक १९४४ साली मुंबईत छापले गेले. त्यात कुमाऊंच्या नरभक्षकांच्या गोष्टी आहेत. ते जगभर वाचले गेले. त्यांनी लग्न केले नाही. बहीण मॅगी हीच त्यांच्याबरोबर राहिली. १९४७ च्या शेवटी दोघे भारत सोडून आफ्रिकेत केनिया देशात गेले. तिथे १९ एप्रिल १९५५ रोजी जिम कॉर्बेट वारले. हिमालयाच्या पायथ्याशी १९३६ साली एक राष्ट्रीय उद्यान झाले होते, आपल्या देशातले पहिले. ते व्हावे म्हणून त्यांनी मेहनत घेतली होती. त्यांच्या मरणानंतर त्या उद्यानाला त्यांचे नाव दिले. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प तिथूनच सुरू झाला, आणि पहिल्या ९ प्रकल्पांत आपला मेळघाटही आहे. म्हणजे कॉर्बेट आणि मेळघाट एकाच यादीत शेजारी बसले आहेत.

माझी माय सरपणाला डोंगरात जाते. तिच्याबरोबर गावातल्या चार-पाच बाया असतात. मी तिला वाऱ्याचे सगळे समजावून सांगितले. आपल्याकडचा बिबट्या नरभक्षक नाही, पण वारा तोंडावर असला की पाठीकडे लक्ष ठेवावे एवढे सांगितले. ती म्हणाली की बाया मोठ्याने बोलत जातात तेच बरे आहे, बिबट्या आवाजानेच दूर जातो. हेही खरे आहे. पण दुसऱ्या दिवशी निघताना तिने अंगणातली चिमूटभर माती उचलून सोडून पाहिली, हे मी दारातून पाहिले.

एक गोष्ट मधेच राहिली. काळाढुंगीजवळ छोटी हलद्वानी नावाचे गाव कॉर्बेट साहेबांनी विकत घेऊन वसवले होते. तिथल्या लोकांचे पीक डुकरं आणि हरणं खाऊन टाकत. म्हणून त्यांनी पूर्ण गावाभोवती दगडी भिंत घालून दिली. ती १९२५ मध्ये पुरी झाली. काळाढुंगीचे त्यांचे घर आता संग्रहालय आहे. मी हे आबाजींना वाचून दाखवले. आमच्या संत्र्याच्या बागेत आबाजी रात्री जागलीला जातात. ते कधी शाळेत गेले नाहीत, पण रोही कोणत्या धुऱ्याने येणार ते शेकोटीचा धूर पाहून सांगतात, आणि शेकोटीही त्या हिशोबानेच पेटवतात. वाऱ्याच्या गोष्टीला त्यांनी नुसती मान हलवली, त्यात त्यांना नवे काही वाटले नाही. भिंतीचे मात्र त्यांनी दोनदा वाचायला लावले. मग म्हणाले की भिंत डुकराला ठीक आहे, पण आपली रोही तिच्यावरून उडी मारून आत येईल, वरून बोरीचे काटे लावावे लागतील.

इयत्ता ४ थी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, तालुका मोर्शी